मधोमध ठेवलेली ताटली

आमच्या बँकेच्या शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी मे महिन्यात निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या जेवणाची जागा तरुण मंडळींनी हट्टानं ठरवली. पुण्यातलं सध्या फार चालणारं, आठवडाभर आधी टेबल राखून ठेवावं लागणारं एक रेस्टॉरंट. आम्ही नऊ जण होतो. वेटरनं आल्याआल्याच सांगितलं, "आमच्याकडे सगळं शेअरिंगसाठी असतं. एकेकाचं वेगळं येत नाही. जसजसं तयार होईल तसतसं आणतो." मग लहान लहान बश्या मधोमध येत गेल्या, हात एकमेकांवरून जात राहिले, एक बशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत रिकामी झाली आणि शेवटी बिल नऊ ठिकाणी सारखं वाटलं गेलं. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत जो वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. एकाचं म्हणणं, ही सरळ लूट आहे, चार घासांना ताटाचे पैसे. दुसऱ्याचं म्हणणं, एकमेकांच्या उष्ट्यात हात घालायची ही कुठली रीत, ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे. आणि या दोघांना उत्तर म्हणून तिसऱ्यानं छाती पुढे काढून सांगितलं, की वाटून खाणं ही तर आपली हजारो वर्षांची संस्कृती आहे, आपली पंगत आठवा.

या तिघांतलं सर्वांत चुकीचं मत तिसऱ्याचं आहे आणि दुर्दैवानं तेच सर्वांना गोड लागतं. माझं म्हणणं असं, की मधोमध ताटली ठेवून सगळ्यांनी तिच्यातून घेणं ही आपली पुरातन परंपरा मुळीच नव्हे. आपल्याकडे ती गोष्ट गेल्या पावणेदोनशे वर्षांत, माणसांनी बहिष्कार सोसून आणि मार खाऊन मिळवलेली आहे. म्हणूनच ती फॅशन म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही आणि महागड्या मेन्यूकार्डावरची शोभा म्हणून सोडून देण्यासारखीही नाही.

पंगत खरोखरच आठवून पाहा. रांग एक, पण पान ज्याचं त्याचं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, समोर भाताची मूद. समाईक भांडं वाढप्याच्या हातात, जेवणाऱ्याचा हात त्याला लागता कामा नये. वाढताना पळी कुणाच्या पानाला टेकली, तर ती पळी बाद. शेजारच्याच्या पानातलं काही उचलणं तर सोडाच, त्याच्या पानाकडे टक लावून पाहणंही असभ्य. पंगत ही शेजारी शेजारी बसून वेगवेगळं जेवण्याची व्यवस्था होती, आणि शेजारी कोण बसणार हे जन्मानं ठरलेलं होतं. कुणाची पंगत माजघरात, कुणाची ओसरीवर, कुणाची अंगणात आणि कुणाच्या पदरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं. पंगतीत वाढताना केलेल्या भेदभावाला 'पंक्तिप्रपंच' असा शब्द ज्या भाषेला घडवावा लागला, त्या भाषेच्या लोकांनी पंगतीला समतेचं प्रतीक म्हणावं हे मला पटत नाही.

आमच्या लहानपणी कैरीची फोड किंवा पेपरमिंटची गोळी वाटून घ्यायची असली, की ती फ्रॉकच्या घेरात धरून दातानं फोडायची. मधे कापड आलं, म्हणजे ती चिमणीच्या दातांनी तोडली, म्हणजे ती उष्टी नाही. किती गोड आठवण आहे ही. पण सहा-सात वर्षांच्या मुलींनाही मैत्रिणीला गोळी देताना त्या चिमणीची साक्ष काढावी लागत होती, हेही तिच्यातच आहे. उष्ट्याचा धाक इतका खोल होता. एकाच ताटात दोघांनी जेवण्याची एक रीत मात्र आपल्याकडे सर्वमान्य होती. नवऱ्याचं जेवण आटोपलं, की त्याच ताटात बायकोनं बसायचं. त्यात वाटणी नव्हती, पायरी होती. कोण आधी आणि कोण नंतर, हे त्या ताटात रोज दोन वेळा गिरवलं जायचं.

आणि ही पायरी मोडायला निघालेल्या माणसांचं काय झालं? १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस सभा स्थापन केली. सभेत येणाऱ्यानं ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, ही तिथली कसोटी होती. एक तुकडा पाव! पण हे सगळं बंद दाराआड चालायचं, आणि पुढे सभासदांची यादी चोरीला गेल्यावर नावं फुटण्याच्या भीतीनं ती सभाच विस्कटली. सभेच्या स्थापनेनंतर चाळीसेक वर्षांनी, १८९० साली, पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी ती नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा तंटा, माजलं. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही अखेर प्रायश्चित्ताच्या वाटेनं जावं लागलं. रानड्यांनी ते १८९२ साली घेतलं. मुंबईच्या पावापासून पुण्याच्या चहापर्यंत एवढी वर्षं गेली होती, शाळा निघाल्या होत्या, विद्यापीठ निघालं होतं, आगगाडी धावत होती, आणि तरी रानड्यांसारख्या न्यायाधीशाला एका कप चहाचा हिशेब धर्मपीठापुढे द्यावा लागत होता.

कोल्हापूरची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटते, कारण ती हॉटेलची गोष्ट आहे. गंगाराम कांबळे हे राजवाड्यातले नोकर. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करायला सांगून मदत केली आणि गंगारामांनी भर गावात चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. एका महाराच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावू लागले. सुधारणेवर भाषण करणारे पुष्कळ होते. कप तोंडाला लावून दाखवणारा राजा एखादाच. आपल्याकडे 'बाहेर खाणं' हा शब्द आज आपण किती सहज वापरतो. शंभर वर्षांपूर्वी त्या बाहेर जाण्याला केवढा अर्थ होता, हे त्या कपावरून कळतं.

याचा अर्थ आपल्या मातीत एकत्र खाण्याचं काहीच नव्हतं असा नाही. काला होता. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालवल्या, ही कल्पनाच पंगतीच्या विरुद्ध आहे. काल्यात कुणाचं काय हे ओळखूच येऊ नये, हाच त्याचा अर्थ. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात काला होतो आणि वारकरी तो एकमेकांच्या तोंडात घालतात. तिथे उष्टं नसतं. पण तो दिवस संपला, घरी परतलं, की पुन्हा ज्याचं त्याचं पान. वर्षातून एकदा देवाच्या साक्षीनं जे चालत होतं, ते रोजच्या जेवणात चालत नव्हतं. मुंबईत दाऊदी बोहरा कुटुंबं मात्र रोज एकाच मोठ्या थाळाभोवती बसतात, चिमूटभर मिठानं सुरुवात करतात आणि थाळात अन्नाचा कण उरू देत नाहीत. त्यांच्या शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या आपल्या लोकांनी कित्येक पिढ्या त्याकडे नाक मुरडून पाहिलं. ज्यांच्याकडून शिकण्यासारखं होतं, त्यांना आपण उष्टे ठरवलं.

'पाश्चात्त्यांची नक्कल' या आरोपाचं उत्तर थोडक्यात देता येतं. ज्याला आपण साहेबी जेवण म्हणतो, म्हणजे प्रत्येकापुढे वेगळी प्लेट आणि एकामागून एक येणारे पदार्थ, ते युरोपातही एकोणिसाव्या शतकातच रुळलं, आणि तेही रशियन पद्धत म्हणून. त्याआधी श्रीमंतांच्या मेजावर सगळी पात्रं एकदम मांडत आणि जो तो हाताला येईल ते घेई. तेव्हा नक्कलच मोजायची, तर डोशाची आपापली प्लेट घेऊन काट्या-चमच्यानं खाणारे आपण सगळेच नक्कल करतो. त्या मुद्द्यात फारसा दम नाही.

दम असलेला आक्षेप वेगळाच आहे, आणि तो आमच्या डब्याच्या सुट्टीत कुणी काढला नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण अधिवेशनच रद्द झाल्यानं न झालेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट म्हटलं आहे, की सहभोजनानं जात मरत नाही. कित्येक जातींत एकमेकांकडे जेवण चालतं, तरी जात जागच्या जागी राहते. खरा उपाय आंतरजातीय विवाह. हे खोडून काढता येणारं नाही. एका टेबलावर हसत-खेळत जेवणारी, एकमेकांच्या बशीत बिनदिक्कत हात घालणारी माणसं घरी जाऊन मुलीच्या स्थळाला पहिला प्रश्न काय विचारतात, हे आपण सगळे जाणतो. रोटीचा व्यवहार सुटला, बेटीचा सुटला नाही. मग मधल्या ताटलीचं एवढं कौतुक कशाला?

मला वाटतं, अपुरं असणं आणि निरुपयोगी असणं या दोन गोष्टी आपण एक करून टाकतो. सहभोजन पुरेसं नाही हे सांगणाऱ्या त्याच बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायलं होतं, आणि त्या ओंजळीची शिक्षा म्हणून मंडपात जेवायला बसलेल्या माणसांवर हल्ला झाला होता. पाणी पिऊन जात संपेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण ज्या स्पर्शाला विटाळ ठरवून माणसाला माणूसपणातून वगळलं गेलं, तो स्पर्श चारचौघांत घडवून दाखवल्याशिवाय पुढचं काही सुरूच होत नाही. आणि राज्यघटनेत पाहा. पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि घाट यांच्याबरोबर दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. देशाच्या मूळ कायद्यात उपाहारगृहाचं नाव घालावं लागलं, कारण कपबशी बाहेर कोनाड्यात वेगळी ठेवणारी हॉटेलं गावोगाव होती. म्हणून सगळ्यांनी एकाच ताटलीतून घेणं ही मला आजही लहान गोष्ट वाटत नाही. ती पहिली पायरी आहे, आणि पहिली पायरी शेवटची नाही म्हणून कुणी जिना पाडत नाही.

उष्ट्याच्या आक्षेपात सोवळ्याचा भाग सोडून दिला, तरी आरोग्याचा भाग उरतो आणि तो मी मान्य करते. कोविडच्या दोन वर्षांनंतर तरी तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण यावर उपाय फार जुना आहे. मांचुरियातली प्लेगची साथ आटोक्यात आणणारे वू लिएन-ते हे चिनी डॉक्टर. क्षयरोग एकाच वाडग्यात सगळ्यांच्या जेवणाच्या काड्या जाण्यानं पसरतो असं मानून १९१५च्या सुमारास त्यांनी मधोमध फिरणारी चकती आणि प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र चमचा असा तोडगा सुचवला. आज चिनी हॉटेलातल्या गोल टेबलावर ती चकती फिरवताना आपल्याला गंमत वाटते, पण तिला आरोग्याचाही इतिहास आहे. त्या डॉक्टरनं लोकांना एकत्र जेवू नका असं सांगितलं नाही. एकत्र जेवता यावं म्हणून चमचा दिला. आपण मात्र चमच्याची सोय करण्याऐवजी ताटलीच उचलून न्यायला निघतो. शाकाहार-मांसाहाराचंही तसंच. ज्याला आपल्या बशीला मटणाचा चमचा लागलेला चालत नाही, त्याच्यासाठी दोन बाजूंना दोन चमचे ठेवणं ही साधी आपुलकी आहे. त्यासाठी टेबलं वेगळी करण्याची गरज नाही, आणि त्याच्या नियमाची चेष्टा करण्याचीही नाही.

आता पैशाचा मुद्दा. इथे माझे पहिले सहकारी पूर्णपणे बरोबर आहेत. त्या संध्याकाळी साडेचारशे रुपयांच्या एका बशीत पाच तुकडे होते आणि माणसं नऊ. पाच तुकडे नवांत कसे वाटायचे? जे दोघे संकोची होते, त्यांनी हात मागे घेतला आणि ज्यांना संकोच नव्हता त्यांनी खाल्लं. मेन्यूकार्डावर किंमत होती, वर्णन होतं, कोथिंबीर कुठल्या गावची तेही होतं, पण नग किती हे नव्हतं. हा दोष वाटून खाण्याचा आहे का? मुळीच नाही. नगांची संख्या दडवली की वाटणी ही स्पर्धा होते. जुन्या युरोपातल्या खाणावळीत, जिथे एका लांब मेजावर सगळ्यांसाठी एकत्र वाढलं जायचं, तिथेही हीच तक्रार होती: पात्राजवळ बसणारा पोटभर जेवायचा, टोकाचा उपाशी उठायचा. आपल्याकडे दहा किंवा जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थापुढे कॅलरी लिहाव्यात असा नियम आहे. मग वाटून खाण्यासाठी म्हणून जो पदार्थ विकला जातो, त्याच्यापुढे 'सहा नग' एवढे दोन शब्द छापायला काय अडचण आहे? सराफ वजन सांगतो, कापडवाला मीटर सांगतो, भजीवालाही प्लेटमध्ये किती भजी हे सांगतो. इथेच विचारायला लाज का वाटावी? मी आता विचारते, आणि नऊ माणसांना नऊ नग करून द्याल का, हेही विचारते. बहुतेक ठिकाणी करून देतात.

पण खरी गोष्ट याहून अवघड आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. त्या नऊ जणांत आमच्या शाखेची झाडलोट करणाऱ्या, रोज सकाळी आम्हाला चहा देणाऱ्या मावशी नव्हत्या. निवृत्त होणाऱ्या साहेबांना त्यांनी चौदा वर्षं चहा दिला होता. त्यांना बोलवायचं का, असं कुणीतरी विचारलं होतं. बिल तर सगळ्यांत सारखं वाटायचं ठरलं आहे, त्यांना ते कसं परवडणार, असं दुसरं कुणीतरी म्हणालं, आणि विषय तिथेच सुटला. मीही गप्प बसले. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. पण परिणाम काय झाला? ओसरी आणि अंगण आम्ही पुन्हा आखलं. या वेळी जातीचं नाव न घेता, बिलाच्या आधारानं. बाबासाहेबांचा आक्षेप मला त्या रात्री घरी परतताना खरा कळला. ताटली एक होती, पण ताटलीपर्यंत कोण पोचणार हे आधीच ठरून गेलेलं होतं.

यावर उत्तर ताटल्या वेगळ्या करणं हे नाही. वेगळं बिल केलं असतं, तर मावशींनी सर्वांत स्वस्त काहीतरी मागवलं असतं, नाहीतर पोट भरलेलं आहे असं सांगितलं असतं. हे मी खात्रीनं म्हणू शकते, कारण माझ्या आईला मी आयुष्यभर हेच करताना पाहिलं आहे. हॉटेलात गेलं की सगळ्यांनी आपापलं सांगायचं आणि आईनं मेन्यूकार्ड मिटून म्हणायचं, "मला काही नको, मी तुमच्यातलंच खाईन." मग बाबांच्या डोशाचा कडेचा तुकडा, माझ्या उत्तप्प्याचा घास, भावानं टाकलेली अर्धी इडली. तिची स्वतःची प्लेट म्हणून काही आल्याचं मला आठवत नाही. घरोघरच्या आया हेच वाक्य म्हणत आल्या आहेत. ज्याची प्लेट त्याचा हक्क, या व्यवस्थेत जिच्याकडे पैसे आणि सवय दोन्ही नाहीत, ती दुसऱ्याच्या हक्कातले तुकडे खाते. ताटली मधोमध आली की ती कुणाचीच नसते, म्हणून तिचीही असते. गेल्या वर्षी पहिल्यांदा अशा ठिकाणी आईला घेऊन गेले. गरम बटाटेवड्यांची बशी मधे आली आणि तिनं सर्वांच्या आधी हात पुढे केला. तिलाच जरा नवल वाटलं असावं, कारण वडा हातात धरून ती क्षणभर थांबली. मग खाल्ला. पोळ्या लाटून सगळ्यांचं झाल्यावर गार जेवणाऱ्या त्या बाईला गरम पहिला घास मिळाला, आणि तो कुणी तिच्यावर मेहरबानी म्हणून दिलेला नव्हता.

तेव्हा ताटली एक राहू दे, बदलायचं ते बिल. आपल्याकडे गणपतीची वर्गणी ऐपतीप्रमाणे घेतात. दुकानदाराची वेगळी, खोलीत एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याची वेगळी, आणि महाप्रसाद मात्र सगळ्यांना सारखा. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. मग कचेरीच्या जेवणाला पगाराच्या प्रमाणात वर्गणी काढायला काय हरकत आहे? मॅनेजरनं जास्त द्यावं, नव्या कारकुनानं कमी, मावशींनी काहीच नाही. हिशेब ठेवायला तर आम्ही बँकेचेच लोक आहोत.

डिसेंबरमध्ये आमच्याकडचे आणखी एक जण निवृत्त होत आहेत. मी हे सगळं शाखेत मांडलं. लूट म्हणणाऱ्यांना नगांची गोष्ट पटली. मावशींना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग कुठली साडी नेसून यायचं हे विचारलं. उष्ट्याचा मुद्दा काढणारे सहकारी बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "येईन, पण प्रत्येक बशीला वेगळा चमचा पाहिजे." मी तिथूनच रेस्टॉरंटला फोन लावला. दोन-दोन चमचे ठेवतो म्हणाले.